सोळा कोऱ्या ओळी

तलासरी,
रविवार, १६ मार्च २०२५

ती. लतिकाताई,

सा. न. तुझा गुडघा दुखत असेल आणि तू ते कबूल करत नसशील. इकडे आम्ही ठीक. पुष्पाची शुगर आटोक्यात आहे, माझी जीभ नाही.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. ऑफिसातली माझी खुर्ची डावीकडे कलते. गेल्या पावसाळ्यात तिचा एक पाय दबला, तेव्हापासून मी रोज आठ तास तिरका बसून शासन चालवतो. नव्या खुर्चीसाठी तीन लेखी अर्ज केले. खरेदीची फाईल माझ्याकडेच असल्यामुळे तिन्ही अर्ज मलाच आले आणि मी ते नियमाप्रमाणे प्रलंबित ठेवले. या तालुक्यात डावीकडे कललेला माणूस दिसला की लोक विचारतात, "काय भाऊसाहेब, तुम्हीपण मोर्चाला का?" बत्तीस वर्षं ग्रामसेवकी करून कुठेही न कलण्याची जी ख्याती मी कमावली, ती एका प्लास्टिकच्या पायाने धुळीला मिळवली.

तू हसली नाहीस, हे मला इथून दिसतंय. आमच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशीही हसली नव्हतीस. पंगत बसली होती, मी जिलबी वाढत होतो आणि तू सगळ्यांसमोर विचारलंस, "प्रल्हाद, पान कोरं होतं का रे?" मी म्हणालो, "ताई, शिक्षकांना कोरं पान दिसलं की लगेच शाई आठवते." सगळे हसले. तू ताटावरून उठलीस. दोन महिने झाले, माझा फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तर मी पुन्हा काहीतरी विनोदी बोललो असतो, म्हणून लिहितो आहे. लिहितानाही बघ, खुर्चीवरच पान संपत आलं.

दोन ऑक्टोबरची सागपाड्याची सभा. तू होतीसच, पण मी कुठून बघत होतो ते तुला माहीत नाही. निवृत्त झाल्यावरही तू त्या पाड्याची शाळा सोडली नाहीस. पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेता येते, हे सांगणारं कायद्याचं पुस्तक तू तिथल्या रूपीच्या हातात दिलंस. नोंद करायला सरकारी माणूस हवा, म्हणून मी आलो. व्हरांड्यात बसून, खरं सांगतो, मी दिवाळी अंकाच्या लेखासाठी मसाला गोळा करत होतो. 'ताईंची लोकशाही' असं शीर्षकही ठरलं होतं.

फळ्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणालीस, "दहा वर्षांनी पाडा कसा असावा ते अंगणात मांडा. हाताला लागेल त्याने." सुक्याने खिशातली काडेपेटी ठेवली. "ही ग्रामपंचायत. हिला कुलूप नाय. कोनीपन उघडायची." म्हाताऱ्या गंगीने आपली काठी आडवी टाकली. "रस्ता हितपर्यंतच. पुढं आला का साहेब येतात." मी सोडून सगळे हसले. पोरांच्या दवाखान्यासाठी रस्ता हवाच, म्हणून दोघंतिघं तिच्याशी दीड तास भांडले. शेवटी काठी दोन विती पुढे सरकली. हात वर झाले नाहीत, मोजणी झाली नाही. जो अडला होता तो "बरं" म्हणेपर्यंत सगळे बसून राहिले. मग रूपीने मधोमध एक काळा दगड ठेवला, ती डोंगरी. तांब्यातलं पाणी तिच्याभोवती गोल ओतलं. "ह्यो झरा. डोंगरीला कोनाला हात लावायचा असल तर आदी आमाला इचारायचं. आमाला म्हंजे सगल्यांना." आणि मग एकेकाने तेच आपल्या तोंडाने म्हटलं. सत्तर माणसं. दहाला बसलेली सभा चारला उठली. त्या शेवटच्या तासात मी लेख विसरलो होतो, हेही खरं.

मग मी इतिवृत्ताची वही उघडली. आमच्या धंद्याची एक रीत आहे. आधी सह्या-अंगठे, मजकूर नंतर. उंबरगावच्या कंपन्यांत रात्रपाळीला जाणाऱ्यांची जीप उभी होती, कोण थांबणार? पानाच्या तळापासून पाठीमागपर्यंत सत्तर नावं घेतली. वर एक ओळ लिहिली: 'गावाच्या विकासाबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.' काडेपेटी, काठी, पाण्याचं रिंगण, सगळं त्या एका ओळीत बसवलं. खाली सोळा ओळी राहिल्या. रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारायची असते, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी मारली नाही. उरलेलं घरी जाऊन लिहीन म्हटलं.

दिवाळीनंतर त्या जागेत ठराव क्रमांक चार आला. सागपाड्याच्या डोंगरीवर दगडखाणीस ग्रामसभेची हरकत नाही. सूचक, सुक्या. सर्वानुमते मंजूर.

'आला' असं लिहिलं मी. बघ, अजून तसंच लिहितोय. वाक्यातून माणूस काढून टाकायची इतकी सवय झाली आहे.

अक्षर माझं आहे, ताई.

सरपंच विनोद चहा घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तेवढं बसवून टाका ना." शेजारी ठेकेदार उभा होता, मोबाईल बघत. धमकी नाही, पाकीट नाही. चहासुद्धा मीच सांगितलेला होता. पैसे घेतले असते तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. मी बसवून टाकलं. बारा मिनिटं लागली. 'सर्वानुमते' हा शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलाय की हात आपोआप चालतो. सूचक म्हणून सुक्या का? अंगठ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं, बस. पाड्यावर आता त्याच्याशी कोणी बोलत नाही. डोंगरी विकली म्हणतात त्याने. तो झाईला बोटीवर गेला खलाशी म्हणून, ज्याला पोहता येत नाही तो.

डिसेंबरात बायकांना कळलं. रूपी चाळीस जणींना घेऊन चालत ऑफिसात आली. हरकतीचा अर्ज होता, तारीख अकरा. मी घेतला. ती म्हणाली, "पोच द्या." मी म्हटलं, "शिक्का सरपंचांकडे आहे, उद्या ये." ती उद्या आली. परवाही आली. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. एकदा म्हटलं शाई सुकली, एकदा म्हटलं आज अमावस्या, सरकारी शिक्का उमटत नाही. ती हसायची नाही, ओट्यावर टेकायची, मग उठून जायची. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडवून. जानेवारीत डहाणूला सुनावणी झाली, तिथे माझा अहवाल वाचला गेला: 'हरकत प्राप्त नाही.' परवानगी निघाली.

गुरुवारी मशीन चढलं. मला पंचनाम्याला जावं लागलं. झऱ्याचं पाणी चहासारखं झालंय. बायका हंडे घेऊन खालच्या विहिरीच्या रांगेत उभ्या होत्या, आणि ती विहीर होळीला तळ दाखवते हे तुला माहीत आहे. गंगी मशीनसमोर बसली होती. दोन पोरं तिला उठवत होती, ती उठत नव्हती. मला बघून तिने जवळ बोलावलं. वाटलं, शिव्या घालेल. शिव्यांची तयारी होती माझी, उत्तरंही होती.

ती म्हणाली, "भाऊसाहेब, त्या पानावर माजा अंगठा हाय ना?"

"आहे."

"मंग मला वाचून दाखव. मी काय बोलले?"

लोकांना हसवून ज्याने आयुष्य काढलं तो माणूस, ताई, पंचनाम्याचे कागद चाळत राहिला. तिने दोनदा विचारलं. खरंच विचारत होती ती, टोमणा नव्हता. तिला वाटत होतं, आपल्याच तोंडून काहीतरी चुकीचं गेलं असेल.

तेव्हापासून जेवण जात नाही. सभेत कोण काय बोललं ते रोज आठवून लिहायला बसतो. पस्तीस जणांचं आठवतं, बाकीच्यांचं नाही. ते आता कुठेच नाही. तुम्ही पुन्हा सभा घ्याल, पण पुन्हा अंगठा मागायला गेलं तर कोण देईल? रूपीसुद्धा देणार नाही. डोंगरीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. पान कोरं होतं. ते मी भरलं.

वकिलाने रूपीला सांगितलंय, अपिलाची मुदत येत्या गुरुवारी संपते, आणि हरकत दिल्याचा पुरावा नसेल तर अपील उभं राहणार नाही. हे मला सरपंचानेच सांगितलं, खुशीत. माझी नोकरी चार वर्षं उरली आहे. पुष्पाला अजून काही सांगितलेलं नाही. आज रविवार, ऑफिस बंद. किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सकाळी जाऊन आलो. पाकीट टपालाने वेळेत पोचणार नाही. संध्याकाळच्या बसने चिखल्याला येऊन तुझ्या दाराखालून सरकवीन. दार वाजवणार नाही. तू उघडलंस तर मी पुन्हा जिलबीवर काहीतरी बोलेन.

सोबतचा कागद रूपीला दे. तिच्या हातात ठेवायची माझी हिंमत नाही. खाडाखोड केलेली नाही, मागची तारीख घातलेली नाही. जसं आहे तसं लिहिलंय: 'सागपाड्याच्या महिलांचा हरकत अर्ज दि. ११ डिसेंबर २०२४ रोजी मला मिळाला. पोच देण्याचे राहिले होते, ती आज देत आहे. विलंबास मी जबाबदार.' खाली सही, शिक्का. शिक्का नीट उमटलाय. मागच्या बाजूला ठराव क्रमांक चार कोणी आणि कधी लिहिला त्याच्या पाच ओळी आहेत आणि त्यांच्याखाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारली आहे.

तुझा धाकटा,
प्रल्हाद

सोबत: पोच, एक.