भुऱ्याले कांदा कोण देते

मामाजी,

मी ट्रेनिंगले अकोल्याले चालली, उद्या संध्याकाळी येईन. हे दुकानातून रात्रीच येतील.

भुऱ्याचा भात अन् उकडलेलं चिकन फ्रिजमधल्या निळ्या डब्यात आहे. त्यात मीठ टाकू नका. मनीले नुसता दूधभात देऊ नका. कुत्रं भाकरीवर कसंतरी निभावते, मांजराले मटण-मासोळी लागतेच, नाहीतर तिचे डोळे जातात. तिच्यासाठी मासोळी वेगळी उकडून ठेवली.

भुऱ्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या म्हणून काल त्याले दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं अन् विचारलं, याले कांदा कोण देते? कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होते म्हणे. मी म्हटलं, माहीत नाही.

घरात कांद्याचा झुणका तुमच्याच ताटात असते. सासूबाई गेल्यापासून ते ताट रोज लख्ख होऊन परत येते. मले वाटे, तुमी जेवून राहिले.

आज झुणका बिनकांद्याचा केला. ताट ओट्यावर झाकलं आहे. भुऱ्याले गच्चीवर बांधलं. तुमी जेवल्याशिवाय त्याले सोडायचं नाही, कितीही ओरडला तरी.

माधवी