चीज रोलवर काट

३ जून, सोमवार. सकाळी ८
आजपासून रोज नोंद. आठवण म्हणून नव्हे, पुरावा म्हणून.

'द डॅम्प शेड्स' या आमच्या बँडला तेहतीस वर्षं झाली. ऑकलंडची एक रेकॉर्ड कंपनी आमच्या निवडक वीस गाण्यांचा संग्रह काढतेय. बेस गिटार पहिल्या दिवसापासून माझी. गाणं मात्र मी एकच लिहिलं, 'एका कांडीचा हीटर', १९९१. बाकी सगळी लॉकलनची. तो गातो, त्यामुळे बँड आपलाच असं त्याला वाटतं. 'हीटर' संग्रहात आलंच पाहिजे. नाही आलं तर तेहतीस वर्षं मी नुसते स्पीकर उचलले असा अर्थ होतो.

संकल्प: कुणावरही संशय घ्यायचा नाही.

३ जून, दुपारी
मला आत येताना पाहून लॉकलनने फोन ठेवला. "राँग नंबर" म्हणे. राँग नंबरला कुणी "चल, ठेवतो राणी" म्हणतं? राणी तो फक्त रेविनला म्हणतो, आमच्या ड्रमवालीला. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ जून
यादी आली. तेवीस नावं. तीन कापायची, आम्ही तिघं, म्हणजे माणशी एक.

रेविन टेपच्या खोक्यावर गाण्याचं नाव कधीच लिहीत नाही. त्या दिवशी काय खाल्लं ते लिहिते. गाण्यांची नावं हे दोघं बदलत बसतात, खाल्लेलं बदलत नाही, असं तिचं म्हणणं. कंपनीने खोक्यांवरूनच यादी उतरवली. त्यामुळे 'फिश अँड चिप्स', 'चीज रोल', 'गार सॉसेज', 'सूप (जळकं)' अशी नावं.

काट घालायचा नियम माझा, १९९३चा. प्रत्येकाने एक नाव गुपचूप लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. कुणी टाकलं विचारायचं नाही. पडलेली काट मागे नाही. या नियमावर बँड टिकलाय, हे कुणी कबूल करत नाही.

रेविन म्हणाली, कुठलं खोकं कुठलं गाणं ते आठवत नसेल तर विचारा. लॉकलन म्हणाला, सगळ्या टेपा एकदा ऐकूनच घेऊ ना. मी साफ नाही म्हणालो. बँडची स्मरणशक्ती मी आहे. शिवाय विचारलं की मी कशावर काट घालणार ते कळलंच यांना. मी काही दूधखुळा नाही.

८ जून, शनिवार
शेडमधला माझा जुना हीटर गायब! ज्याच्यावर गाणं लिहिलं तोच. जोसलिनला विचारलं. बायको असून नजर चुकवते. "असेल तिथेच कुठेतरी, नीट बघ." नीट बघितलं. अल्बममधला माझा १९९१चा फोटोही नाही.

दाताच्या डॉक्टरचं अपॉइंटमेंट कार्डसुद्धा सापडत नाहीये. ते कशाला चोरतील? पण आता काही सांगता येत नाही.

१० जून
लॉकलनने सहज विचारावं तसं विचारलं, तो हीटर तू कुठल्या दुकानात घेतला होतास रे? सहज! मी म्हटलं, आठवत नाही. (आठवतं.) गाण्यातली माझी एखादी चूक काढून, ते कापायला निमित्त शोधतोय.

आता बचाव पुरे, हल्ला. माझी काट त्याच्या देवमाशाच्या गाण्यावर. आठ मिनिटं नुसता मासा. ते 'चीज रोल'. लॉकलनच्या दाढीला चीज लागलेलं मला आजही दिसतं. 'हीटर' म्हणजे 'फिश अँड चिप्स', कारण सॉस माझ्या पॅंटवर सांडला होता. शंकाच नाही.

१२ जून
काट टाकली. खिशात कागद नव्हता, कोटाच्या आतल्या कप्प्यात एक पुठ्ठ्याचा तुकडा मिळाला, त्यावर लिहिलं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं, डाव्या हाताने. कुणाच्या बापाला कळणार नाही.

१५ जून, शनिवार
रेविनच्या गॅरेजमध्ये डबा उघडला. पहिली 'सूप'. दुसरी 'गार सॉसेज'. तिसरी चिठ्ठी तिने उलटीसुलटी करून पाहिली, लॉकलनपुढे धरली. मग म्हणाली, 'चीज रोल'. लॉकलनचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, आता कसं!

लॉकलन म्हणाला, एवढी एक काट मागे घेऊ या. मी उभा राहिलो. छोटंसं भाषणच झालं. नियम म्हणजे नियम, रडारड नको, हिंमत असेल तर आत्ताच्या आत्ता कंपनीला कळवा. रेविनने तीनदा विचारलं, "डेस, नक्की?" नक्की! तिने मेल पाठवला.

मग तिने कोपऱ्यातून संग्रहाचं छापलेलं कव्हर आणून माझ्यासमोर धरलं. वर माझा हीटर. बाजूला १९९१चा मी, केसांसकट. संग्रहाचं नाव 'एका कांडीचा हीटर'. मला चकित करायचं म्हणून महिनाभर लपवलं होतं, जोसलिनला सामील करून.

रेविन म्हणाली, "अरे गाढवा, 'चीज रोल' म्हणजे 'हीटर'. तुझ्या आईने गोर गावाहून बसने डबाभर पाठवले नव्हते का त्या दिवशी? तूच सात खाल्लेस."

आईने पाठवले होते. वर टॉवेल गुंडाळला होता, गरम राहावेत म्हणून.

मी ओरडलो, कुणी केलं हे? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग लॉकलन खाली बघत म्हणाला, "मी केलं, मित्रा. जळलो तुझ्यावर. माफ कर."

मी माफ केलं. लगेच. मन मोठं लागतं त्याला.

१६ जून
विचार करता असं दिसतं की लॉकलननेही 'चीज रोल'च लिहिलं असणार. चिठ्ठ्या तीनच होत्या हे खरं. पण दोन एकमेकींना चिकटल्या असतील. माणूस स्वतः कबूल करतो म्हणजे काहीतरी असणारच. त्याच्यावरचा माझा संशय खरा ठरला, एवढं समाधान.

कव्हरवरचं चित्र आता बदलता येत नाही. हीटर राहील, गाणं नाही. जुन्या नावावर पट्टी चिकटवून संग्रहाला नवं नाव दिलं, 'देवमासा'.

१७ जून, सोमवार. संध्याकाळी ६
रेविनचा मेसेज: "उद्या सकाळी दहाला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय तुला. विसरू नकोस."

ही तारीख हिला कुणी सांगितली? जोसलिनलाही माहीत नाही. मलाच माहीत नव्हती. फक्त त्या कार्डावर होती, माझ्या पूर्ण नावाखाली.

कोटाचा आतला कप्पा तपासला. रिकामा.

६.४०
म्हणजे लॉकलनलाही तेव्हाच माहीत होतं.

त्याला फोन लावला. त्याने उचलला, काय रे म्हणाला. मी आधी हवेबद्दल बोललो. शेवटी विचारलं, रविवारी मोकळा आहेस का, चीज रोल करतोय, आईच्या पद्धतीने. तो म्हणाला, येतो, रेविनलाही आणतो.

आईची पद्धत मला येत नाही. उद्या डॉक्टरकडून येताना चीज आणलं पाहिजे.