आमच्या घराचा फोटो आणि ताई

९ डिसेंबर
फोनमधल्या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या बाईनं आज माझी सगळी वेबसाइट इंग्रजी चालीवर वाचली. गावाच्या नावाचं काय केलं, लिहवत नाही. ताई हसून हसून खाली बसली. "बाबू, हे कोन बोलून राह्यली? इंग्रजाची सून?" चूक माझी. नमुन्यातला कोड उतरवताना भाषा इंग्रजीच राहिली होती. कोडच्या माथ्यावर भाषा मराठी टाकली, बाई सुधारली. डोळे गेल्यापासून थोरली बहीण माझ्याकडे भद्रावतीला आहे. साइटची पक्की वाचक ती एकटीच.

१३ डिसेंबर
मथळे नुसते ठळक अन् मोठे केले होते. डोळ्याला मथळा, फोनला साधी ओळ. ताईला एका घरावरून दुसऱ्यावर उडी मारता येईना, सगळं ऐकत बसली बिचारी. कोडात प्रत्येक मथळ्याआधी उघडायची अन् नंतर बंद करायची खूण लावून पुन्हा केले. फॅक्टरीत फिटर होतो तेव्हाही हेच, आटे जुळत नसले तर बोल्ट ठोकून बसवू नये. गाव खाणीत चाललं, आठवण राहावी म्हणून साइटवर एकेका मथळ्याखाली एकेक घर. निम्मं झालं.

१९ डिसेंबर
न दिसणाऱ्यासाठी फोटोला शब्द जोडावे लागतात. आमच्या घराच्या फोटोला जोडले, "आपलं घर". ताई चिडली. "आपलं घर मले मालूम नाई का? त्याच्यात काय दिसते ते सांग नं!"
मग लिहिलं : सारवलेली ओसरी, दोरीवर हिरवं लुगडं, दार उघडं.
ताईनं दोनदा ऐकलं. "दार लावाले पाह्यजे होतं. कुत्रे घुसतात."
फोटो चार वर्षांपूर्वीचा. ती आजचा समजून ऐकते. उन्हाळ्यात परत जाईन म्हणते.

२७ डिसेंबर
गावी जाऊन आलो. घर नाही. मशीननं पाडलं. फोटो काढला, ढीग अर्धाच आला. दुसरा काढला.
घर कागदावर माझ्या नावाचं, राहिली ती, तीस वर्षं, एकटी. दसऱ्याला घर खाणीला द्यायची सही मी केली. तिला विचारलं नाही. तेव्हा तिच्या डोळ्यांची धावपळ चालली होती. म्हटलं, नंतर सांगू. नंतर...

२८ डिसेंबर
फोटो जुन्या फोटोखाली चढवला. गावची बाकी माणसं बघतात, साइटवर खोटं ठेवायचं नाही. पण शब्दांची जागा रिकामी सोडली. दोन अवतरणचिन्हं, मध्ये काही नाही. अशी सोडली की फोन तो फोटो वगळून पुढे जातो. नियमच आहे तसा, वेलबुट्टीसाठी. न सांगितलं तरी चालतं अशा चित्रासाठी. बापाचं घर मी वेलबुट्टीत टाकलं.
पान चुका शोधणाऱ्या प्रोग्रामकडून तपासून घेतलं. पास. एक चूक नाही म्हणे.

३ जानेवारी
सुदामचा फोन आला. गावातला शेजारी, आता गडचांदूरला. नेमका ताईनं उचलला, आवाज मोठा केलेला.
"ताई, घराचा फोटो पाह्यला वं. जेवन गेलं नाई."
"कोनता फोटो रे?"
तो गडबडला. "असाच... जुना." ठेवला.
दुपारभर ती त्याच पानावर. मथळा, लुगडं, उघडं दार, पुढचा मथळा. पुन्हा तेच.
"मधात अजून काई हाय का रे बाबू?"
"नाई."
चहा घेतला नाही तिनं.

४ जानेवारी
मी चारदा कोड उघडला, त्या दोन चिन्हांपर्यंत गेलो अन्

६ जानेवारी
बाजारातून आलो तर शेजारची मंदाबाई ताईजवळ बसलेली. फोनवर तेच पान, मंदाबाईचं बोट नव्या फोटोवर. मला पाहून मंदाबाई उठून गेली.
"माहे डोळे गेले. तुहे तं हायेत. मंग?"
मी पिशवी खाली ठेवली.
"जसं हाय तसं लिव. मी इथंच बसली हावो."
लिहिलं : विटा-मातीचा ढीग, वर एक वासा. ओसरी नाही, दार नाही. मागे खाणीची माती, टेकडीएवढी.
तिनं फोन कानाला लावून ऐकलं. एकदाच.
"बाबू, सहीबिगर तं घर पाडत नाई. सही कोनाची, ते फोटोत दिसते का?"
"नाई दिसत."
"मंग खाली लिव. मी आयकीन."
फोटोखाली परिच्छेदाची खूण उघडून अर्धा तास झाला. ताई समोर, फोन मांडीत. बंद करायची खूण अजून टाकली नाही.