मोटार कुठल्या वाडीची

४ एप्रिल
साहेबांचं नवीन खूळ. उजनी धरणाकाठच्या सगळ्या पाण्याच्या मोटारी नि शेतकरी कॉम्प्युटरवर ठिकाणाप्रमाणे लावायचे. मोटार जिथं उभी, त्या वाडीच्या गटात. वाडीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या पाळीवाल्यानं मोबाइलवर बटण दाबलं की गटातल्या सगळ्या बंद.
म्हटलं, "उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, लोक मोटारी पाण्यामागं ओढत नेतात. वरच्या वाडीची मोटार खालच्या वाडीपुढं उभी असते. मालकाला विचारून लावू." तर म्हणे, "मॅडम, नकाशा खोटं बोलत नाही. फोन करत बसू नका."
नकाशाला काय कळतंय, कपाळ. लावल्या.

१९ एप्रिल
व्हायचं तेच झालं. व्होल्टेज पडलं म्हणून खालच्या वाडीच्या पाळीवाल्यानं गट बंद ठेवला. त्यात वरच्यांच्याही मोटारी. केळी माना टाकायला लागली, वरच्यांना वाटलं मुद्दाम. कोयते, पाइप घेऊन उतरले. पाळीवाल्याचं डोकं फोडलं, स्टार्टरच्या पेट्या दगडानं ठेचल्या. मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या ऑफिसात पंख्याखाली बसून बघतेय, पडद्यावरचे मोटारींचे ठिपके एकेक करून विझतायत.
पेट्या बदलायला दत्ताला धाडतायत. नवरा फिटर, बायको कॉम्प्युटरवर, एकाच कंपनीत. नको जाऊ म्हटलं. ऐकतोय कुठं.

२० एप्रिल
दत्ताला मारलं. वरच्या वाडीच्या नानानं. गाडीवरून उतरूही दिलं नाही. "आमची मोटार त्येंच्या हातात तूच दिलीस व्हय रं?" आणि लोखंडी पाइप. उजवा हात मोडला. शर्ट रक्तानं अंगाला चिकटलेला, दवाखान्यात कात्रीनं कापला.
म्हटलं, "माझं नाव सांगायचंस."
"म्हणजे तुला मारायला सोलापूरला आले असते." हसला, फुटलेला ओठ परत वाहायला लागला.
तोच पाइप नानाच्या हातावर घालावासा वाटतोय. समोर आला तर घालीन.

२३ एप्रिल
साहेबांशी जुंपली. पाण्याचा काचेचा जग भिंतीवर फेकला मी. काचा गोळा करायला कुणी पुढं येईना. मग म्हणाले, करा मालकाप्रमाणे. पेट्या दुसऱ्या फिटरनं बदलल्या. सगळ्यांना फोन केले, ज्याची मोटार त्याच्या वाडीत लावली. नानाची सोडून. ती एकटीच वेगळ्या गटात टाकली आणि बंद केली. लई बरं वाटलं.

२७ एप्रिल
सकाळी नानाचा फोन, दत्ताच्या मोबाइलवर. त्याचा उजवा हात गळ्यात, म्हणून स्पीकर लावला.
"फिटरसाब, रागात हात उचलला, चुकलं माजं. समद्यांच्या मोटारी चालू हायती, माजीच न्हाय. केळी घडावर हाय वो. येऊन बघता का?"
वाटलं, आता दत्ता शिव्या घालणार. तर म्हणाला, "येतो. कुणाच्या तरी गाडीवर बसून येतो."
"डोकं फिरलंय का तुझं? परत मार खायला?"
"केळीनं काय केलंय?" डाव्या हातानं पाने-पक्कड पिशवीत भरायला लागला. प्लास्टर मध्ये येतंय.
मोटारीला काहीच झालेलं नाही. फक्त मला माहीत. चहा टाकलाय, तो खाली गाडीची वाट बघतोय. मीच बंद केलीय, हे अजून त्याला सांगितलं नाही.