वीणा टेकू नये म्हणून

रोहणा, ६ जानेवारी २०२५

चि. प्रफुल्ल यास गोपिकाताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. उद्या देवळात सप्ताह बसतो. बाबांच्या नेमाप्रमाणे घरातला फोन बंद झाला, म्हणून हे पत्र वर्ध्याच्या भाजीगाडीबरोबर पाठवते.

यंदा बाबांचे सोवळे जास्तच कडक. माझ्या हातचा चहासुद्धा नको! आणि याच माणसाने काल देवळात सांगितले, की वीणा धरून उभे राहण्याचा पहिला पाहरा भागीरथेचा. सात दिवस जमिनीला न टेकता हातोहात फिरणारी वीणा, आणि ती विधवा बाईच्या हाती? माणसे उठून गेली. बाबा शांतपणे म्हणाले, की वीनेले हात लागते, कुंकू नाई लागत. मी हसले खरी, पण उठून गेलेली माणसे मोजून ठेवली.

तब्येत जप. माया आहेच, तशीच राहू दे.

तुझी गोपिकाताई

बोरगाव मेघे, ८ जानेवारी

ती. गोपिकाताईस प्रफुल्लचा सा. न. वि. वि.

तुझा चहा नाकारला, यात बाबांचे शहाणपणच दिसते! पण ताई, आज बाजारात देवळाचे अध्यक्ष भैयाजी भेटले. पाठीवर हात ठेवून गोड हसत म्हणाले, की आमी कोनाले बोट लावनार नाई, फक्त पाहऱ्याले येनार नाई; तुये बाबा बंडूजी वीना खाली ठेवत नाई, हे आमाले ठावं हाय.

डॉक्टरांनी बाबांना फार वेळ उभे राहू नका म्हटलेले भैयाजींना माहीत आहे. ते चिडले असते तर मी इतका घाबरलो नसतो. बाबांना सांग, कोणी आले नाही तर वीणा देवापुढे टेकवा. मी शेवटच्या दिवशी काल्याला येतोच.

रागावू नकोस, लोभ असू दे.

तुझा प्रफुल्ल

रोहणा, ११ जानेवारी

चि. प्रफुल्लास आशीर्वाद.

काल्याची वाट पाहू नकोस, लगेच नीघ. पाहऱ्याला गावातला एकही पुरुष आला नाही. बाबा, भागीरथा आणि मी, तिघेच आळीपाळीने उभे. तुझा निरोप सांगितला, तर बाबा म्हणाले, की वीना टेकली तर बाईनं नेम बुडवला म्हनतीन, अन् हे दार पुन्हा उघडनार नाई.

आज सकाळी ते उभ्या उभ्या खचले. वीणा भागीरथेने वरच्यावर झेलली. शुद्धीवर येताच त्यांनी एवढेच विचारले, की टेकली काय. छातीत कळा येतात, तरी दवाखाना काल्यानंतर म्हणतात. मी डॉक्टरांना फोन लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला.

भैयाजी मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसले आहेत. मघाशी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, की बंडूजीचं बरंवाईट झालं तर गोपीले सुतक, मंग वीना कोन धरनार. बाबा डोळे मिटूनच मला म्हणाले, की सुतक पाळजो पोरी, नेम म्हनजे नेम. पन भागीरथा आपल्या नात्याची नाई, तिले सुतक नाई. म्हनून तर पयला पाहरा तिले देल्ला.

म्हणजे आपण सप्ताहातच जाऊ शकतो, हे त्यांनी आधीच धरले होते रे. मला रडू आवरत नाही. भागीरथा अजून उभी आहे, आणि भैयाजी अजून बसलेले आहेत.

येताना सोवळ्याचे धोतर आण. तुझाही पाहरा आहे.

वाट पाहणारी,
गोपिकाताई