खळ्यावरची दुपार

आई, काल तुझ्या नातीचा फोन आला होता. ताईची मुलगी आता कॉलेजात जाते, मुंबईत राहून मराठीपेक्षा हिंदी जास्त बोलते, पण आजीचा विषय निघाला की सरळ मराठीवर येते. म्हणाली, "मामा, तो खळ्यावरचा आजीचा व्हिडिओ आहे ना, त्यात तिचे पाय का दिसत नाहीत?" मी म्हटलं, फ्रेमच तशी आहे. फोन ठेवला आणि महाडच्या या दुकानात दोन मॉनिटरांसमोर तो व्हिडिओ परत लावून बघितला. तू गेल्यापासूनच्या दहा वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. तुझीच नात, दुसरं काय.

माझं काम तुला कधी पटलं नाही. लग्नाच्या शूटिंगचे रंग बदलायचे, दुपारची संध्याकाळ करायची, मळभ असेल तिथं ऊन आणायचं, याला काम म्हणतात हेच तुला खरं वाटायचं नाही. एकदा मी लॅपटॉप घेऊन गावी, कापड्याला आलो होतो. एका वरातीची भर दुपार अशी सोनेरी केली होती की माझं मलाच कौतुक वाटत होतं. तू चुलीपुढं वांगी चिरत बसली होतीस, तुडीलच्या मावशीनं दिलेले सुक्या कोलंबीचे सोडे पाण्यात भिजत होते. मी स्क्रीन तुझ्यापुढं धरतो. तू हात पदराला पुसतेस, डोळे बारीक करतेस. "कदीची वरात ही?" "संध्याकाळची." "मग सावल्या कुठं गेल्या रे? सगल्यांच्या पायाखाली बसल्यात. बारा वाजलेत तिथं." मी वैतागून म्हणतो, "एवढं कोणाला कळत नाय गो." "मला कळलं ना?" आणि तू परत वांग्यांकडे वळतेस. त्या दिवशी मी रुसून नीट जेवलोही नाही. पण आजही कुठलंही फुटेज उघडलं की माझी नजर आधी सावल्यांकडे जाते. शेतात सावली बघून घरी परतणाऱ्या बाईकडून मी माझा धंदा शिकलो, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

मग तो रविवार. कापणी उरकली होती, पहिला तांदूळ घरात आला होता. "दुपारी जेवायला ये, नव्या तांदळाच्या भाकऱ्या करते," असं तू फोनवर दोनदा सांगितलं होतंस, आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं होतं. सकाळी आंबेनळी घाटात एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग होतं. मी कापड्याला पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकलेला, आणि तू सारवलेल्या खळ्यावर उभी. मी सरळ कॅमेरा काढला. माझ्यासारख्यांना तोंड लपवायला तो बरा पडतो. "आई, इकडं बघ." तू बघतेस. ऊन तुझ्या पाठीमागून येतंय, चेहरा काळवंडलेला दिसतोय, आणि तुझी सावली लांबत लांबत थेट माझ्या बुटांपर्यंत आली आहे. "किती येळ केलास रे. भाकऱ्या गार झाल्या." मी म्हणतो, "घाटात धुकं होतं." तू क्षणभर माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतेस आणि म्हणतेस, "हां. धुकं असतं." मग पान वाढायला आत जातेस. तूही जेवली नव्हतीस, हे मला दोन ताटं दिसली तेव्हा कळलं.

पुढच्या पंधरा दिवसांत तू गेलीस. ताई मुंबईहून आली ती रडतच. "शेवटचं जेवायला बोलावलं होतं तिनं तुला. वेळेवर गेला होतास ना रे?" मी म्हटलं, हो, दुपारीच गेलो होतो. एकदा बोलून बसलो, मग ते खरं करणं आलं. खळ्यावरच्या त्या व्हिडिओतला तांबूस रंग काढला, चेहरा उजळला, आकाश पांढरं केलं, तुझा आवाज काढून बासरी घातली. सावलीचं तेवढं काही करता येईना. मग चौकट खालून कापली. सावली गेली, तिच्याबरोबर तुझे पायही गेले. पुण्यानुमोदनाला विहारात तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लागला, आणि ताई माझा हात धरून म्हणाली, "बरं झालं रे, तू वेळेवर गेलास." तिला किती बरं वाटलं ते मला दिसत होतं. मला मात्र जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

आज सकाळी मूळ फुटेज उघडलं. रंगाला हात लावला नाही. तुझे पाय दिसले, टाचांच्या भेगांत खळ्याची माती. तुझा आवाज ऐकला आणि दुकानाचं दार लावून घेतलं, कारण मी ढसाढसा रडत होतो. भाचीला जसंच्या तसं पाठवून दिलं, संध्याकाळ, सावली, आवाज, सगळं. ताईचा फोन येईल. उशिरा गेलो होतो, तिच्याशी खोटं बोललो, हे तिला सांगणार आहे. ती रागावेल, मग धुक्याचं ऐकून मला माफही करेल. हे पत्र मात्र तिला दाखवणार नाही.

कारण धुकं अकराच्या आत निवळलं होतं, आई. शूटिंग आटोपल्यावर ती मंडळी पोलादपूरला जेवायला निघाली, मलाही आग्रह झाला, आणि गाडी कापड्यावरूनच पुढं गेली. मी थांबवली नाही. मटणाचं ताट संपवून, गप्पा मारून, मग तुझ्याकडे आलो आणि भुकेल्यासारख्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. तू तिसरी वाढलीस. आज तो व्हिडिओ चार वेळा बघितला, तू माझ्या डोक्यावरून नेमकं कुठं बघतेस ते कळेपर्यंत. माझ्या पाठीमागे सबंध घाट उघडा दिसत होता, आणि तू सकाळपासून त्या खळ्यावर होतीस.