पडद्यावरचा अबोल

३ मार्च, मंगळवार

तिकिटं मिळाली! दोन. शुक्रवारचा पहिला खेळ, मधली रांग, कडेच्या खुर्च्या — दादाला काठी घेऊन आत-बाहेर करायला सोपं. लॅबमध्ये सुट्टी मागितली तर मालक म्हणाले, "कोणाचं लग्न आहे?" म्हटलं, लग्न नाही, सिनेमा आहे. बघतच राहिले. शेहेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते आणि कॉमिकमधल्या माणसाच्या सिनेमाला सुट्टी मागते! बघा बापडे, काय बघायचं ते.

अबोल कोण हे यांना कुठून कळणार? मला वाचता येत नव्हतं तेव्हापासून अबोल आहे. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तोच वाचून दाखवायचा. पलंगावर दोघं पालथे पडायचो. खलनायकाचं हसणं, बंदुका, गाड्या, कुत्री, सगळं दादा तोंडाने करायचा. शेजारचे भिंतीवर थापा मारायचे! आणि मग अबोल यायचा. तो आला की पानावरचे आवाज गायब. ठो नाही, धडाम नाही. त्याच्या डोक्यावरचा बोलण्याचा फुगा कायम रिकामा. तो फुगा आला की पान उलटेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून धरायचो. दादा मुद्दाम पान उलटायचा नाही. मी लालेलाल!

अबोलला बोलता येत नाही असं नाही. तो बोलत नाही. त्याला गरजच नाही. एवढं ज्याला कळलं त्याला अबोल कळला.

५ मार्च, गुरुवार

दादाने आज दोनदा तिकिटं काढून बघितली आणि परत डब्यात ठेवली. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून दाढी केली, डाव्या हाताने. हनुवटी कापून घेतली. पण चेहरा कसा उजळलाय!

बोलकीबाई येऊन गेल्या. (हे नाव मी ठेवलंय. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. तोंडावर अर्थातच 'मॅडम'.) नेहमीसारखी चित्रांची कार्डं मांडली. चावी. छत्री. दादाला कळतं सगळं, बरोबर चित्रावर बोट ठेवतो, पण तोंड उघडलं की नुसता वारा. कपाळावर घाम. जबडा थरथरतो. मला बघवत नाही. मी आपली पटकन सांगून टाकते — "छत्री!" बाई शांतपणे म्हणतात, "ताई, कार्ड त्यांच्यासाठी आहे."

माहितीय हो! पण माणसाचा छळ तरी किती करायचा? या माणसाने आयुष्यभर फळबाजारात लिलाव पुकारले. पेट्यांच्या ढिगावर उभा राहिला की त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. त्याच्यापुढे छत्रीचं चित्र धरायचं?

जाताना बाई जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, हे पहिलं वर्ष फार मोलाचं, आत्ता जे परत येईल ते येईल, पुढे अवघड होत जातं. ऐकून घेतलं. उद्या सिनेमा आहे, बाकीचं नंतर बघू.

६ मार्च, शुक्रवार

वाटोळं केलं. वाटोळं!

७ मार्च, शनिवार

काल लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सुरुवात इतकी छान होती! अंधार, गल्ली, पावलांचा आवाज, आणि एकदम सगळे आवाज बंद. अख्खं थिएटर सुन्न. मी श्वास रोखला. शेजारी दादानेही रोखलेला, मला कळलं. वाटलं, झालं, आता काही नको.

आणि मग त्यांनी अबोलला आरशापुढे उभा केला. मुखवटा काढून! म्हणे अपघातात वाचा गेली. मान ताणतोय, तोंड वाकडं करतोय, "अ... अ...", ओठाच्या कडेने लाळ. समोर एक बाई बसलीय आणि त्याला शिकवतेय. अबोलला शिकवतेय! परत परत तेच. संपतच नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं.

बिचारा करून टाकला हो त्याला. बिचारा! जो बोलत नव्हता तो आता बोलू शकत नाही. अरे, एवढा फरक कळत नाही तर हात कशाला लावलात? तुमच्या बापाचा होता का तो?

दादाकडे बघितलं तर त्याने खुर्चीचा हात घट्ट पकडलेला, डोळ्यांतून पाणी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चल, ऊठ. उठेना. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली आणि मध्यंतराच्या आधीच त्याला बाहेर काढलं. टॅक्सीत तो माझ्याकडे पाठ करून बसला. किती लागलं असेल त्याच्या जिवाला! आणि नेलं कोणी? मीच. नटूनथटून, हौसेने. त्याचंच तोंड त्याला पडद्यावर दाखवायला.

९ मार्च, सोमवार

पॉलिशवाल्याने माझी कवळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाला, "बाई, हा माणूस हसला तर घरचे आतून कडी लावतील." सुळे उलटे बसवले होते मी! उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. मेण वितळवून सगळी रांग पुन्हा लावली.

मग कळलं, यानेही तो सिनेमा बघितलाय. दोनदा!

"मी तर रडलो, बाई. शेवटी तो जेव्हा —"

"सांगू नकोस."

"अहो, पण शेवट तर —"

"सांगू नकोस म्हटलं ना!"

"म्हणजे शेवट न बघताच शिव्या घालताय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, तू कवळ्या घास. तो घासायला लागला. मशीनच्या घरघरीत मी रडून घेतलं, कोणाला पत्ता लागला नाही. तोंड धुवायला गेले तर पांढऱ्या भुकटीचा गालांवर लेप झालेला. तशीच बसले जरा वेळ, धुवायचंही सुचेना.

११ मार्च, बुधवार

दादा अन्न नुसतं चिवडतो. खिडकीत बसून राहतो. समोरच्या भिंतीवर त्या मेल्या सिनेमाचं भलंमोठं पोस्टर लागलंय, नेमकं आमच्याच खिडकीपुढे! मी पडदा ओढला. त्याने काठीने बाजूला सारला. मी पुन्हा ओढला. त्याने पुन्हा सारला आणि माझ्याकडे असं बघितलं की बस! राग आहे त्याच्या मनात. माझ्यावर नाही, त्या लोकांवर. मला कळतं.

सगळी कॉमिक्स माळ्यावर टाकली. एकही उघडून बघितलं नाही.

काय उरलं आता? दादाची वाचा गेली तेव्हा हॉस्पिटलमध्ये त्याच्या कानाशी जाऊन मी म्हटलं होतं, "दादा, आता तूच अबोल." हसला होता, अर्ध्या तोंडाने. त्या हसण्यावर मी इतके महिने काढले. दुकानात, बँकेत, शेजाऱ्यांपुढे त्याच्या वतीने बोलताना मनात म्हणायची, याला बोलायची गरज नाही, हा अबोल आहे. आता अबोल म्हटलं की ते लाळ गळणारं तोंड डोळ्यांपुढे येतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं हो त्याला द्यायला. तेवढंच होतं.

१३ मार्च, शुक्रवार

बोलकीबाईंना फोन केला. म्हटलं, आता येऊ नका.

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचंय काय? माझा भाऊ आहे तो. मला कळतं त्याचं."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कार्डं दुसऱ्या पेशंटला लागतील. पुढच्या आठवड्यात रविवारी येऊन नेते." न्या.

आत जाऊन दादाला सांगितलं, सुटलास रे बाबा! आता कोणी छत्री दाखवायला येणार नाही. भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपला असावा. पण त्याची पाठ हलत होती.

१४ मार्च, शनिवार

काही नाही. भांडी घासली. झोपले.

१७ मार्च, मंगळवार



खालच्या काकूंचा लॅबमध्ये फोन — "अगं, तुमचं दार सताड उघडं, आणि तुझा दादा कुठेच नाही!" वाडग्यात कालवलेलं प्लास्टर तसंच टाकून धावले. दवाखाना बघितला, फळबाजार बघितला, पुलापर्यंत जाऊन आले. पुलावर उभी राहून मनात काय काय आलं ते इथेही लिहिणार नाही.

सापडला कुठे? त्या सिनेमाच्या तिकीट खिडकीवर! रांगेत सगळ्यांत पुढे, डाव्या मुठीत नोटा, तोंड उघडं. आतला माणूस करवादतोय, "बोला ना काका, कुठला खेळ?" मागचे ओरडताहेत, "बाजूला व्हा!" आणि दादा खिडकीची कड सोडत नाही. मानेच्या शिरा ताठ. "अ... अ..." भर रस्त्यात, एवढ्या लोकांसमोर! मी रांग तोडून घुसले. ओरडले, "त्याला बोलता येत नाही, दिसत नाही का तुम्हाला?"  कोणीतरी "अरेरे" म्हणालं. दादाने डोळे मिटून घेतले.

हाताला धरून घरी आणला. वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला — हा पैसे परत मागायला गेला असणार! भांडायला! नोटा कशाला नेल्या होत्या कोण जाणे. म्हटलं, अरे वेड्या, मला सांगायचंस, मी भांडले असते ना तुझ्या वतीने. त्यांचे दात त्यांच्या घशात घातले असते! तर त्याने काठी आपटली जमिनीवर. इतक्या जोरात की खालून काकू वर आल्या, काय पडलं म्हणून.

केवढा राग बसलाय त्या सिनेमाचा त्याच्या मनात!

२० मार्च, शुक्रवार

सिनेमा उतरला. सकाळी समोरचं पोस्टर काढत होते. दोघं शिडीवर चढून पट्ट्यापट्ट्यांनी सोलत होते. दादा खिडकीत उभा राहून बघत होता. चहा गार झाला तरी हलला नाही. म्हटलं, चला, पीडा गेली एकदाची. त्याने मान हलवली, नाही अशी. की मलाच तसं वाटलं? मग जो खाली बसला तो मी लॅबला निघेपर्यंत डोकं वर केलं नाही त्याने.

लॅबमध्ये कवळीचे दात लावता लावता त्याचा आवाज आठवून बघत होते. बाजारातला. पेट्यांवर उभा राहून मला लांबून हाक मारायचा तो. आला नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज येतो. म्हणजे तोही गेला. माणूस समोर बसलाय, आपल्या हाताने भात कालवतोय, आणि मी त्याला गेल्यासारखी रडतेय. कोणाला सांगणार हे? ऐकणारा एकच होता.

२२ मार्च, रविवार

बोलकीबाई कार्डं न्यायला आल्या. गठ्ठा त्यांच्या हातात देत मी दारातच सांगत होते — दादालाच नकोय हो हे सगळं, त्याला त्रास होतो, तो बोलून दाखवत नाही पण मला कळतं, त्याचं म्हणणं असं की —

"गप!"

मागून आवाज आला. फाटका, अर्धा, पण पेट्यांवरचाच. वळून बघते तर दादा काठीशिवाय उभा, लालबुंद, आणि बघतोय माझ्याकडेच.

बाईंनी कार्डं टेबलावर परत मांडली. मी आतल्या खोलीत आले, दार लोटून घेतलं, तोंडात पदर कोंबून बसलेय. तो बाहेर मघापासून "क... क..." करतोय. कात्री की कंगवा, मला माहीत नाही.